हरिण उठते तेव्हा

टेबलावर हरणाचे एक मेलेले पाडस ठेवलेले आहे. भोवती तरुण चित्रकारांचे कोंडाळे, प्रत्येकाच्या हातात कागद आणि कोळशाची कांडी. शिकवणारा मूळचा नेपल्सचा, रीको लेब्रून नावाचा चित्रकार. तो आज कातडे बाजूला करतो, मग त्याखालचे स्नायू, मग त्याखालचे सांधे, आणि प्रत्येक थर विद्यार्थ्यांकडून रेखाटून घेतो. दिवस जातात तसा वास वाढतो आणि वर्गातली हजेरी रोडावते. शेवटी उरतात ते नाकाला रुमाल लावूनही हाडापर्यंत पोचायचेच असा हट्ट धरलेले थोडे लोक.

हा प्रकार एखाद्या वैद्यकीय महाविद्यालयात घडला असता तर त्याचे नवल वाटायचे कारण नव्हते. पण तो घडला लॉस एंजेलिसमध्ये, वॉल्ट डिस्नेच्या कार्टून कंपनीत. १९४२ साली पडद्यावर आलेल्या 'बॅम्बी' या चित्रपटाच्या तयारीची ती वर्षे. मुलांना हसवण्यासाठी चित्रे काढणाऱ्या माणसांनी मेलेल्या हरणाच्या खुब्याचा सांधा कशाला पाहावा, हा प्रश्न मला अनेक वर्षे छळत होता. त्याचे उत्तर शोधताना एक लांबची वाट सापडली. ती लॉस एंजेलिसहून निघून मुंबईपर्यंत येते, आणि चमत्कार असा की मुंबईत पोचल्यावरही वाटेत हरिणच उभे असते.

आधी थोडे गणित. सिनेमाच्या फितीवर एका सेकंदाला चोवीस चौकटी सरकतात. हाताने काढलेल्या कार्टूनपटात बहुधा एक चित्र दोन चौकटींना पुरवतात, म्हणजे सेकंदाला बारा चित्रे. दहा मिनिटांच्या पटाला १४,४०० चौकटी आणि ७,२०० चित्रे लागतात, तीही पडद्यावर एकच पात्र असेल तर. कागदांना खाली ठरावीक भोके पाडलेली असतात. ती टेबलावरच्या खुंट्यांत अडकवली की प्रत्येक कागद अचूक एकाच जागी बसतो. खालून काचेतून दिवा लागलेला असतो, त्यामुळे आधीचे चित्र पुसटसे दिसत राहते. मुख्य चित्रकार हालचालीचे महत्त्वाचे टप्पे काढतो, त्यांना 'की ड्रॉइंग' म्हणतात. मधली चित्रे हाताखालचा उमेदवार भरतो, तो 'इनबिट्वीनर'. बोटांच्या बेचक्यात कागद धरून ते भराभर उलटत राहायचे, हालचाल कुठे अडते ते बघायचे, खोडायचे, पुन्हा काढायचे. हे सारे पेन्सिलीत जमले, त्याचे चित्रीकरण करून तपासले, की मग पारदर्शक सेलवर शाई आणि मागून रंग.

यात एक गोष्ट सहज ध्यानात येत नाही. या हजारो चित्रांपैकी कोणतेही एक चित्र सुंदर असून भागत नाही. किंबहुना एखादे मधले चित्र सुटे काढून पाहिले तर ते वेडेवाकडेच दिसेल. सौंदर्य असते ते दोन चित्रांच्या मधल्या फटीत. आपल्याकडे चित्रकला शिकवताना ही फट कधी शिकवलीच गेली नाही. त्याबद्दल पुढे बोलायचे आहे.

१९२० ते ३० या दशकातल्या अमेरिकी कार्टूनमध्ये पात्रांचे हातपाय रबरी नळीसारखे असत. कोपर नाही, गुडघा नाही. नळी वाकेल तिथे हात वाकला. मांजरे, उंदीर, ससे यांच्या सात-आठ मिनिटांच्या धमालीला तेवढे पुरत होते. १९२८ मध्ये मिकी माऊस आला तोही असाच. पण डिस्नेच्या डोक्यात पूर्ण लांबीचा चित्रपट घोळू लागला तेव्हा अडचण उघडी पडली. दीड तास प्रेक्षक नळ्यांकडे बघत बसणार नव्हता. १९३४ मध्ये 'गॉडेस ऑफ स्प्रिंग' या छोट्या पटात एका तरुण देवतेचे चित्रण करून पाहिले, आणि ते फसले. तिचे हात नाचताना शेवग्याच्या शेंगेसारखे लवत होते. सुंदर मुलगी कशी चालते, कशी वळते, हे त्या बहाद्दरांना काढताच येत नव्हते.

तोवर शिकवणीची सुरुवात मात्र झालेली होती, आणि ती मालकाने नव्हे तर एका नोकराने केली होती. १९३२ साली आर्ट बॅबिट या चित्रकाराने आपल्या घरी मॉडेल बोलावून संध्याकाळी रेखाटनाचा अड्डा जमवला. दर आठवड्याला माणसे वाढू लागली. ही कुणकुण वॉल्टच्या कानावर गेली. आपल्या कंपनीची पोरे एका खाजगी घरात उघड्या मॉडेलची चित्रे काढतात, ही बातमी वर्तमानपत्रांना मिळाली तर काय, अशी धास्ती त्याला वाटली म्हणतात. त्याने बॅबिटला बोलावले आणि वर्ग बंद करण्याऐवजी स्टुडिओतच जागा, कागद आणि मॉडेलचा खर्च देऊ केला. मालक असा असेल तर धास्तीचेही सोने होते.

शिक्षक आला शुइनार्ड कलासंस्थेतून. नेल्बर्ट शुइनार्ड या बाईंनी ती संस्था १९२१ मध्ये लॉस एंजेलिसमध्ये काढली होती, आणि डिस्नेची काही माणसे पूर्वीपासूनच तिथल्या रात्रीच्या वर्गांना जात असत. डॉन ग्रॅहम हे त्या शिक्षकाचे नाव. मुळात अभियांत्रिकी शिकायला गेलेला आणि तिथून चित्रकलेकडे वळलेला हा माणूस. १५ नोव्हेंबर १९३२ रोजी हायपेरियन ॲव्हेन्यूवरच्या जुन्या साउंड स्टेजवर त्याने पहिला वर्ग घेतला. आठवड्यातून दोन संध्याकाळी वर्ग भरे. महिनाभरातच गर्दी इतकी झाली की फिल डाइक हा दुसरा शिक्षक जोडीला घ्यावा लागला.

ग्रॅहमची गंमत अशी की त्याला स्वतःला ॲनिमेशन येत नव्हते. कार्टून काढणाऱ्यांना तो कला शिकवू लागला आणि कार्टून कसे हलते हे त्यांच्याकडूनच शिकू लागला. विद्यार्थ्यांच्या पंक्तीला बसून शिकणारे गुरू आपल्याकडे विरळा. बऱ्याच ठिकाणी ते शिष्यांनी पाय धरण्याचीच वाट पाहत असतात. असो. ग्रॅहमच्या वर्गातून हळूहळू 'ॲक्शन ॲनालिसिस' नावाचा प्रकार निघाला. माणसांच्या, प्राण्यांच्या हालचालींची फिल्म एकेक चौकट थांबवत पडद्यावर दाखवायची आणि तिची चिरफाड करायची. उडी मारण्यापूर्वी माणूस आधी खाली का दबतो? वळताना आधी डोळे वळतात की खांदा? थांबलेल्या माणसाचा कोट त्याच्यामागून क्षणभर पुढे का जातो? चित्रशाळेत हे कुणी विचारत नाही, कारण चित्रशाळेतला माणूस थांबलेलाच असतो.

२३ डिसेंबर १९३५ रोजी वॉल्टने ग्रॅहमला एक लांबलचक टिपण पाठवले. शिक्षणाचा आराखडाच तो. त्याचा मथितार्थ असा की कार्टूनचे काम वास्तवाची नक्कल करणे हे नव्हे, वास्तव अतिशयोक्तीने मांडणे हे आहे; पण जे नीट माहीत नाही त्याची अतिशयोक्ती कशी करणार? चित्रकाराने शरीर कसे चालते ते आधी शिकावे, त्या हालचालीमागची भावना शिकावी, विनोदी नट का हसवतात ते शिकावे, मग वाटेल तेवढे ताणावे. व्यवहारी गिरणीमालकाच्या थाटात लिहिलेल्या त्या टिपणात मला भरताच्या नाट्यशास्त्राची आठवण येते. आंगिक अभिनयाचा विचार वेगळा काय सांगतो?

'स्नो व्हाइट' २१ डिसेंबर १९३७ रोजी प्रथम दाखवला गेला. त्यातल्या राजकन्येसाठी मार्जोरी बेल्चर या किशोरवयीन नर्तकीचे चित्रीकरण केले होते. सोपा मार्ग म्हणजे त्या फितीवरून सरळ गिरवणे. काहींनी तसे करून पाहिले, आणि परिणाम विचित्र निघाला. खऱ्या मुलीवरून जसेच्या तसे गिरवलेले चित्र पडद्यावर खोटे दिसू लागले. त्याला वजन नव्हते. ग्रिम नॅटविकसारख्या, व्हिएन्नात मानवाकृतीचे रीतसर शिक्षण घेतलेल्या चित्रकाराने फिती पाहिल्या, त्यातले समजून घेतले आणि स्वतःच्या हाताने पुन्हा काढले, तेव्हा मुलगी जिवंत झाली. गिरवणे आणि रेखाटणे यांतला फरक सांगायला यापेक्षा चांगले उदाहरण मला माहीत नाही. माझ्या वर्गातली मुले कार्बन कागद लावून गणपती उतरवत, तेव्हा त्यांना मी हीच गोष्ट सांगत असे.

त्याच चित्रपटातली हरणे मात्र साधली नव्हती. राजकन्येभोवती जमणारी ती हरणे पाहा: पिठाची पोती चार काठ्यांवर ठेवावीत तशी. ती खुद्द काढणाऱ्यांनाही खटकत होती. म्हणून 'बॅम्बी'च्या वेळी स्टुडिओत दोन जिवंत पाडसे आणून बांधली, आणि लेब्रूनने ते मेलेले पाडस टेबलावर ठेवले.

बॅबिटचे पुढे काय झाले तेही सांगितले पाहिजे. 'स्नो व्हाइट'मधली दुष्ट राणी त्याची. १९४० च्या 'फँटेशिया'मध्ये नाचणाऱ्या अळंब्याही त्याच्याच. मे १९४१ मध्ये डिस्नेच्या कामगारांनी संप पुकारला तेव्हा तो पुढाऱ्यांत होता आणि त्याला कामावरून काढण्यात आले होते. ज्याच्या दिवाणखान्यात शाळा सुरू झाली तोच शाळेबाहेर. संपानंतर त्या स्टुडिओतले घरचे वातावरण पुन्हा आले नाही, असे तिथल्या जुन्या माणसांनी लिहून ठेवले आहे.

आता या शिक्षणात नेमके काय होते, याविषयी थोडे विस्ताराने लिहितो, कारण आपल्या घरातल्या मुलांशी त्याचा सरळ संबंध आहे. मी ड्रॉइंग मास्तर. सीमाभागातल्या दोन-तीन शाळांत खडू झिजवला. मुंबई सरकारच्या एलिमेंटरी आणि इंटरमीजिएट परीक्षांचे कागद आमच्या पिढीला तोंडपाठ. वस्तुचित्र म्हणजे तांब्या, फळ्या आणि मागे घडी घातलेले कापड. मानवाकृती आली तर ती स्मरणचित्रात: पाणवठा, आठवडी बाजार, बसथांबा. या 'स्मरणचित्र' शब्दात केवढे सामर्थ्य होते! पाहिलेले मनात साठवून, ते समोर नसताना कागदावर उतरवणे, हीच तर ॲनिमेशनची गुरुकिल्ली. पण आम्ही काय केले? डोक्यावर दोन घागरी घेतलेली एक बाई, काठी टेकलेला एक म्हातारा आणि पाठमोरा एक मुलगा, अशा तीन आकृत्या मुलांकडून घोटून घेतल्या आणि विषय कोणताही आला तरी त्याच त्रिकुटाला त्यात उभे केले. पास होण्याचे प्रमाण उत्तम. मीही त्या पापाचा वाटेकरी आहे.

ग्रॅहमच्या परंपरेतला वर्ग वेगळा चालतो. तासभर एकाच बैठकीतली आकृती छायाप्रकाशासह रंगवणे तिथेही असते, पण सुरुवात होते ती अर्ध्या मिनिटाच्या रेखाटनाने. मॉडेल एक पवित्रा घेते. तीस सेकंद, फार तर मिनिट. की दुसरा पवित्रा. एवढ्या वेळात नाक-डोळे काढता येतच नाहीत. मग काय काढायचे? डोक्यापासून टाचेपर्यंत शरीरातून वाहणारी एक रेघ. ती सापडली की पाहायचे वजन कोणत्या पायावर आहे. ज्या पायावर भार, त्या बाजूचा खुबा वर जातो. तोल सांभाळण्यासाठी खांदा उलट कलतो. आपल्या त्रिभंगातल्या मूर्ती पाहा. बेलूर आमच्यापासून फार लांब नाही. ज्या शिल्पकारांनी त्या घडवल्या त्यांना हे ठाऊक होते, फक्त ते त्यांनी दगडात लिहिले.

किमोन निकोलायडीस हा न्यूयॉर्कचा शिक्षक १९३८ मध्ये वारला; त्याचे रेखाटनाचे पुस्तक १९४१ मध्ये निघाले. त्याचेही म्हणणे हेच होते की वस्तू कशी दिसते ते काढू नका, ती काय करते आहे ते काढा. पुढची पायरी आणखी कठीण. मॉडेल निघून जाते आणि विद्यार्थ्याने तो पवित्रा आठवून काढायचा. त्याही पुढची: आधीचा आणि नंतरचा पवित्रा दिला आहे, मधला काढा. इथे गाढव आणि घोडा वेगळे होतात. ज्याने फक्त बाह्यरेषा पाहिली त्याला मधला पवित्रा सापडत नाही. ज्याने सांधा कुठे आहे आणि भार कुठून कुठे गेला हे पाहिले त्याला तो सापडतो. लेब्रूनच्या टेबलावरच्या पाडसाचा अर्थ मला इथे उमगला. हरणाचे चित्र काढण्यासाठी हरणाची हाडे पाहावी लागत नाहीत. हरणाने पुढच्या क्षणी काय करावे हे ठरवण्यासाठी पाहावी लागतात.

त्यांचा आणखी एक धडा फार गोड आहे. पिठाने अर्धे भरलेले एक पोते घ्यायचे. त्याला तोंड नाही, हात नाहीत. नुसत्या पोत्याच्या आकारातून ते दुःखी आहे, ते गर्वाने फुगले आहे, ते दचकले आहे, असे दाखवायचे. पोते कितीही ताणले-दाबले तरी आतले पीठ तेवढेच राहिले पाहिजे, नाहीतर ते पोते न राहता फुगा होते. हा धडा मी आमच्या वर्गात रेशनच्या साखरेच्या पिशवीवर घेतला होता. एका मुलीने काढलेली रुसलेली पिशवी मी अजून जपून ठेवली आहे.

आता आपल्याकडे वळू. दादासाहेब फाळके १८८५ मध्ये मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये दाखल झाले आणि पुढे बडोद्याच्या कलाभवनात शिकले. बडोदेकर वाचकांना याचा अभिमान आहेच. सिनेमासाठी भांडवल उभे करायचे तेव्हा फाळक्यांनी लोकांना दाखवले काय? वाटाणा रुजून त्याचा वेल वाढतानाचे चित्रण. एकेक चौकट सवडीने टिपत, न दिसणारी हालचाल त्यांनी दिसती केली. यशवंतराव नाडकर्णी ते पाहून पैसे द्यायला तयार झाले. १९१५ मध्ये 'आगकाड्यांची मौज' या छोट्या पटात त्यांनी काड्यापेटीतल्या काड्या एकेक चौकटीने हलवल्या. म्हणजे भारतीय सिनेमाच्या जन्मापूर्वीच त्याच्या जनकाला ॲनिमेशनचे मर्म कळले होते. पुढे १९३४ मध्ये पुण्याच्या प्रभात कंपनीने 'जंबुकाका' नावाचा छोटा कार्टूनपट काढला. त्याच वर्षी कलकत्त्याच्या न्यू थिएटर्सनेही एक प्रयत्न केला. पण हे प्रयोगच ठरले. उमेदवार तयार करणारी शाळा कुणी काढली नाही, कारण तेवढा पगारी वेळ कुणाच्या खिशात नव्हता.

गंमत अशी की चित्र काढणाऱ्यांची वाण नव्हती. जे. जे. मध्ये ग्लॅडस्टन सॉलोमन यांनी १९१९ च्या सुमारास प्रत्यक्ष नग्न मॉडेलवरून रेखाटनाचा वर्ग सुरू केला. त्यापूर्वी मुले प्लास्टरच्या पुतळ्यांवरून शिकत. इंदूरला देवळालीकर मास्तरांच्या हाताखाली बेंद्रे तयार झाले. तेच बेंद्रे १९५० मध्ये बडोद्याच्या विद्यापीठात गेले आणि तिथली मुले स्केचबुक घेऊन स्टेशनवर, बाजारात बसू लागली. बेळगावात के. बी. कुलकर्णींच्या चित्रमंदिरात रवी परांजपे यांचा हात घडला आणि पुढे बोधचित्रांच्या दुनियेत त्यांनी स्वतःचे युग निर्माण केले. या साऱ्यांच्या रेषेत ताकद किती होती हे वेगळे सांगायला नको. पण त्या रेषेला पडद्यावर चालवणारे टेबल, खुंटी आणि कॅमेरा यांची गाठ तिच्याशी पडली नाही. चित्रशाळा एकीकडे, सिनेमा दुसरीकडे. सिनेमावाल्यांनी चित्रकाराला बोलावले ते पडदे आणि पोस्टर रंगवायला.

ही गाठ पडली १९५६ मध्ये. आपल्याकडे हे वर्ष दुसऱ्याच कारणाने लक्षात आहे. त्या १ नोव्हेंबरला बेळगाव मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेले, आणि घराघरांत बोलण्याचा विषय तोच होता. त्या धामधुमीच्या वर्षी मुंबईत फिल्म्स डिव्हिजनमध्ये कार्टून फिल्म विभाग उभा राहत होता. जहांगीर भावनगरी यांच्यासारखे दृष्टीचे अधिकारी तिथे होते. अमेरिकेच्या तांत्रिक सहकार्य योजनेतून शिकवायला माणूस आला तो क्लेअर वीक्स. डिस्ने स्टुडिओतला, 'बॅम्बी'वर काम केलेला.

वीक्सच्या हाताखाली जी. के. गोखले, राम मोहन आणि त्यांचे सहकारी शिकले. राम मोहन तर मद्रासला रसायनशास्त्राचे पदव्युत्तर शिक्षण अर्धवट सोडून आलेले. शिकायचे म्हणजे तेच: खुंटीवरचा कागद, बोटांत फडफडणारी पाने, उसळणारा चेंडू, चालणारा माणूस, वजन, तोल. आणि या पहिल्या तुकडीने पहिला मोठा पट कोणता केला? 'द बनियन डीअर', १९५७. जातकातली गोष्ट. काशीच्या राजाला रोज एक हरिण मारून हवे असते. कळपांनी पाळी लावलेली असते. गाभण हरिणीची पाळी येते तेव्हा कळपाचा नायक, तो वटवृक्षाचा मृग, तिच्या जागी स्वतः मान ठेवतो. बुद्धाच्या पूर्वजन्माची कथा. बुद्धाच्या महापरिनिर्वाणाची अडीच हजार वर्षे देशाने १९५६ मध्येच साजरी केली होती.

तो पट पाहताना माझे मन दुभंगते. हरणांचे डोळे, वळणारी मान, उडी, सारे बॅम्बीच्या घराण्यातले. पार्श्वभूमीवर मात्र अजिंठ्याची सावली आहे. सजावट आपली, सांधे त्यांचे. काहींना हे उसनवारीचे वाटते. मला ते तसे वाटत नाही. हरणाचा खुबा काही अमेरिकन नसतो. परके असेल तर ते डोळे मोठे करून लाडिकपणा आणण्याचे वळण. ते मात्र खुशाल टाकून द्यावे. त्याच विभागात १९५८ मध्ये भावनगरींनी 'राधा अँड कृष्ण' केला. त्यात पहाडी लघुचित्रांवरून कॅमेरा फिरवून हालचालीचा भास साधला आहे. पट देखणा आहे. पण तिथे चित्र हलत नाही, आपली नजर हलते. दोन्ही वाटा एका छपराखाली वर्षभराच्या अंतराने निघाल्या, आणि मला वाटते, पुढची चाळीस वर्षे आपण दुसरी, कमी खर्चाची वाटच जास्त चाललो.

त्याला कारणेही होती. सरकारी विभागाला हवे असत कुटुंबनियोजन, बचत, स्वच्छता यांवरचे चार-पाच मिनिटांचे पट. मुदत ठरलेली, पैसा मोजका. तिथे सेकंदाला बारा चित्रे परवडत नाहीत; धड स्थिर ठेवून तोंड आणि हात हलवले की काम भागते. जाहिरातींचेही तसेच. त्यातूनही माणसे निघाली, हे त्या पहिल्या शिकवणीचे बळ. भीमसेन पार्श्वभूमी रंगवण्यासाठी आले आणि ॲनिमेशन शिकून १९७० मध्ये 'द क्लाइंब' करून गेले. विजया मुळे यांच्याबरोबरचा १९७४ चा 'एक अनेक और एकता' दूरदर्शनमुळे घराघरांत पोचला. दाणे टिपणारी आणि जाळ्यासकट उडून जाणारी ती पाखरे आजच्या आजी-आजोबांनाही पाठ आहेत. राम मोहन १९६८ मध्ये बाहेर पडले. 'शतरंज के खिलाडी'तला १९७७ चा ॲनिमेशनचा तुकडा त्यांचा, आणि जपानच्या युगो साको यांच्याबरोबर रामायणावरचा पूर्ण लांबीचा चित्रपट करण्यातही ते होते. २०१९ मध्ये ते गेले. त्याच विभागात उमेदीची वर्षे घालवलेल्या व्ही. जी. सामंतांनी २००५ मध्ये 'हनुमान' केला. वीक्सच्या वर्गानंतर जवळजवळ अर्ध्या शतकाने आपला हाताने काढलेला मोठा चित्रपट गावोगावच्या थिएटरांत लागला, आणि तोवर जगातल्या स्टुडिओंतून पेन्सिली गोळा करायला सुरुवात झाली होती. डिस्नेनेच सेलवर रंगवणे १९८९ नंतर सोडून दिले. फिल्म्स डिव्हिजन २०२२ मध्ये राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात विलीन झाली.

म्हणजे ही विद्या संपली काय? संगणकावर काम करणाऱ्या माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याने मध्यंतरी मला वेगळेच सांगितले. त्याच्या कंपनीत आकृती संगणकात तयार असते, सांधेही बसवलेले असतात. दोन टप्पे दिले की मधले यंत्र भरते. पण यंत्राने भरलेले मधले चित्र पाण्यात तरंगणाऱ्या माणसासारखे दिसते; वजन नसते. ते वजन घालणारा माणूस हवा असतो, आणि तो नेमणुकीला आला की आधी स्केचबुक मागतात. फ्रँक थॉमस आणि ऑली जॉन्स्टन या डिस्नेच्या दोघा म्हाताऱ्यांनी १९८१ मध्ये आपल्या विद्येचा जाडजूड ग्रंथ लिहिला. तो आजही या मुलांच्या टेबलावर असतो, म्हणाला. नव्वद वर्षांपूर्वीचा तो हायपेरियनवरचा वर्ग यंत्राच्या पोटात बसून अजून चालू आहे.

निवृत्तीनंतर मी रविवारी सकाळी आठ-दहा मुलांना घेऊन बसतो. फी नाही. अट एकच, खोडरबर घरी ठेवायचे. मॉडेल म्हणून मुलेच आळीपाळीने उभी राहतात: बॉलिंग टाकताना, हंडा उचलताना, बसमागे धावताना. अर्ध्या मिनिटाला मी डब्यावर चमचा वाजवतो. पहिले तीन रविवार पालक कुरकुरले की ही नुसती रेघोट्यांची वही, घरी लावण्याजोगे एक चित्र नाही. त्यांचेही खरेच होते.

गेल्या बेंदराच्या आधी मी मुलांना बसलेली गाय उठते ती सहा चित्रांत काढायला सांगितली. सगळ्यांनी झटकन काढली, आणि सगळ्यांनी तिला आधी पुढच्या पायांवर उभी केली. तसे घोडा उठतो. गावातली, गोठ्याशेजारी वाढलेली मुले ही. एकाच मुलाने कागद कोरा ठेवला. त्याचे घर शेतावर, घरी कन्नड, वर्गात मराठी. म्हणाला, "सर, मला आठवंना. बघून येतो." मी म्हटले, जा. पुढच्या रविवारी तो सहाऐवजी अकरा चित्रे घेऊन आला. शेणाचे डाग पडलेला, घामाने मऊ झालेला कागद. गाय पुढच्या गुडघ्यांवर टेकलेली, मान पुढे फेकलेली, त्या झोक्याने मागचा भाग आधी वर उचललेला, आणि मग एकेक करून पुढचे पाय. नवव्या चित्रात तिचा एक खूर जरा घसरलेला होता. मी विचारले, हे काय? तो म्हणाला, "तिथं खाली मूत होतं, सर." मी ती अकरा पाने बोटांत धरली आणि उलटली. गाय उठली.